किडामुंगीचं भलं

पांढरकवड्याजवळच्या बंजारा तांड्यावर सेवालाल महाराजांना भोग चढवायचा मान धावजीचा. निखाऱ्यांवर तूप-गूळ सोडायचं आणि सगळ्यांचं भलं मागायचं. तांड्याचं, गाईगुरांचं, शेवटी किडामुंगीचंही. पण त्या साली गुलाबी बोंडअळीने सगळ्यांचाच कापूस पोखरला होता.

"यंदा किड्यायचं नाव घेतलं तं पाह्य, धावजीदादा," लोकांनी आधीच बजावलं.

घरी त्याची बायको हंसाबाईही करवादली, "दरसाल तुमीच अळ्यायचं भलं मागून राह्यले, मंग त्या माजतीन नाही तं काय!"

धावजी हसला, पण ते त्याला लागलं. बापाने शिकवलेली प्रार्थना त्याने कधी अर्धी सोडली नव्हती.

सेवालाल जयंतीला निखारे फुलले. तांड्याचं मागून झालं, गाईगुरांचं झालं, आणि धावजीने तुपाची पळी तशीच वर धरली. सगळे त्याच्याकडेच पाहत होते.

तेवढ्यात बायांमधून हंसाबाई कडाडली, "पुढचं म्हना ना! मुंगीनं काय खाल्लं तुमचं?"

कोणीतरी फिसकन हसलं. धावजीने डोळे मिटले, पळीभर तूप सोडलं आणि किडामुंगीचं भलं मागितलं. त्यात अळीही आलीच. त्याच्यामागून म्हणणाऱ्यांत सगळ्यात मोठा आवाज हंसाबाईचा होता.