पुलाखालचे मासे

चावीवाला तसा सरळ माणूस. अर्ध्या गावाच्या किल्ल्या त्याच्या हाताखालून गेल्या, आणि तीस वर्षांत त्याच्याकडे कुणी बोट दाखवलं नाही. कोपऱ्यावरच्या चिंचोळ्या दुकानात आठवडाभर कानस घासायची आणि सुट्टीच्या सकाळी गळ घेऊन ओढ्यावर जायचं, एवढंच त्याचं आयुष्य. खोटं तो एकाच बाबतीत बोलायचा, मासा कुठे लागला याबाबतीत. पण ते काय, गळ टाकणारा प्रत्येकजणच बोलतो. खरी जागा सांगून टाकली तर तो कसला गळवाला!

त्याची जागा म्हणजे वळणावरचा डोह. पाणी खोल, काठाला झाडांच्या मुळ्यांत कपारी. मासे अंडी घालायला तिथेच यायचे. डोहाच्या वर ओढ्याला दोन फाटे फुटतात; दुसऱ्या फाट्यावर दहा मिनिटं चाललं की पूल. पुलाखाली पाणी घोटाभर, आणि तळाला दगडगोटे नि फुटक्या बाटल्या. तिथे मासा दिसलाच तर तो वाट चुकलेला समजायचा.

चावीवाल्याकडे एक वही होती, बावीस वर्षांची. तारीख, पाणी गढूळ की नितळ, गळाला गांडूळ लावलं की कणीक, मासा कोणता, वजन किती, कुठे लागला, सगळं लिहिलेलं. फक्त जागा उलट्या. डोहात लागला की लिहायचं ‘पूल’. आणि अधूनमधून ‘डोह, काही नाही’ असंही ठोकून द्यायचं. हा सगळा उपद्व्याप दाजीसाठी. दाजी म्हणजे धाकट्या बहिणीचा नवरा. त्यालाही गळाचं वेड, आणि जेवायला आला की हात वाळायच्या आत वही चाळायची खोड. लपवली असती तर त्याला संशय आला असता. वही वाचून दाजी दर सुट्टीला इमानेइतबारे पुलाखाली जाऊन बसायचा.

घरी मात्र दाजी कधी रिकाम्या हातानं गेला नाही, कारण वाटेत बाजार लागतो. हे मासेवालीनंच एकदा कुलूप दुरुस्तीला आणलं तेव्हा सांगून टाकलं होतं. बहीण नवऱ्याचं कौतुक करायची, ‘दादा, यांच्या हाताला काय यश आहे बघ!’ आणि चावीवाला मान डोलवून मनातल्या मनात पोट धरून हसायचा.

मग कापड रंगवायच्या कारखान्यानं सांडपाण्याचा पाइप ओढ्यात सोडायचा घाट घातला. चावीवाल्याचं डोकंच फिरलं. त्यानं अर्ज केले, सह्या गोळा केल्या. किल्ली तयार होईपर्यंत उभं राहायचं आहे तर करून टाकू, म्हणून लोक न वाचताच सही ठोकायचे. ऑफिसात त्याला या टेबलावरून त्या टेबलावर पिटाळलं. बायको म्हणाली, ‘‘अहो, त्या ओढ्याशी लग्न करायचं होतंत.’’ पण डबा मात्र रोज वेळेवर भरून दिला.

शेवटी एका अधिकारी मॅडमनं त्याला खुर्ची दिली. ‘‘पाइप थांबवणं माझ्या हातात नाही,’’ ती म्हणाली. ‘‘कुठे सोडायचा, ते आहे. डोहाच्या फाट्यावर, नाहीतर पुलाच्या. जिथे मासे कमी, तिथे. तुमच्याकडे काही नोंदी आहेत का?’’

नोंदी! चावीवाल्यानं छाती फुगवून वही पुढे केली. बावीस वर्षं ‘पूल’ लिहून ‘डोह’ वाचायची डोळ्यांना इतकी सवय झाली होती, की आपण काय हातात देतोय ते त्याच्या ध्यानातच आलं नाही. मॅडमनं पानन् पान वाचलं. अशी वही आजवर कुणी आणली नव्हती, असंही म्हणाली. त्या दिवशी तो शीळ घालत घरी गेला.

महिन्याभरानं आदेश आला. अर्जदाराच्या नोंदींनुसार पुलाखाली भरपूर मासे असून डोहात जवळपास नाहीत, सबब पाइप डोहात सोडावा.

तो दुकान उघडं टाकून धावत गेला.

‘‘मॅडम, जागा खोट्या आहेत. बाकी वही खरी.’’

‘‘वजनं?’’

‘‘वजनं थोडी... वाढवलेली.’’

मॅडमनं वही मिटली. राग तिला आला असणारच, पण ती नीटच बोलली. ‘‘आता तुमच्या शब्दावर मी काय करू? कारखान्याचा वकील मला फाडून खाईल. पुलाखाली मासा नसतो हे सांगणारा दुसरा कुणी आणा. नेहमी तिथे बसणारा.’’

असा माणूस अख्ख्या गावात एकच. चावीवाल्यानं दाजीला समोर बसवून सगळं कबूल केलं. दाजी बराच वेळ टेबलावरची मिठाची बाटली फिरवत राहिला. ‘‘बावीस वर्षं,’’ तो म्हणाला. ‘‘शेवाळात बसून कंबर गेली माझी.’’

‘‘चुकलो मी, दाजी. पण एवढं एकच सांगा तिथे, की पुलाखाली मासा मिळत नाही.’’

‘‘येतो,’’ दाजी म्हणाला.

सुनावणीला आला खरा, पण बायकोला घेऊन. भावाची बाजू मांडली जाणार म्हणून ती ठेवणीतले कपडे घालून पुढच्याच बाकावर बसली.

मॅडमनं विचारलं, ‘‘तुम्ही इतकी वर्षं पुलाखाली गळ टाकता. मासे मिळतात?’’

दाजीनं बायकोकडे पाहिलं. ती नवऱ्याकडे बघत होती, चेहरा कसा फुललेला.

‘‘मिळतात की,’’ दाजी म्हणाला. ‘‘चांगले दोन-दोन किलोचे.’’

वकिलाला खुर्चीतून उठायचीही गरज पडली नाही.

चावीवाल्याच्या जिभेवर मासेवालीचं नाव आलं होतं. एक वाक्य बोलला असता तर डोह वाचला असता. पण मग बहिणीला भर सभेत कळलं असतं, की नवरा तिला बावीस वर्षं बाजारचे मासे खाऊ घालतोय आणि भाऊ मान डोलवतोय. हा काही त्याचा मोठेपणा नव्हता. त्याला लाज वाटली, आणि त्या लाजेपायी त्यानं तोंड मिटून घेतलं. आदेश कायम झाला.

बाहेर व्हरांड्यात बहीण त्याच्याजवळ आली. त्याचा पडलेला चेहरा पाहून तिचेच डोळे भरले.

‘‘दादा, इतकं लावून घेऊ नकोस रे. पुलाखालचे मासे तरी वाचले ना?’’

दाजी पाठ करून चपला शोधत होता.

‘‘हो,’’ चावीवाला म्हणाला. ‘‘ते वाचले.’’