मागच्या सीटखालचा वास

आमच्या घरात पहिली गाडी आली ती बाबा शाळेतून निवृत्त झाले त्या वर्षी. दोन हजार सालानंतरचे ते दिवस. भिवंडीजवळच्या वडप्याच्या भातखाचरांवर एकामागून एक गोदामं उभी राहत होती आणि त्यातल्याच एका गोदामाच्या ऑफिसात मी नोकरीला होते. बाबांना गाडी चालवता येत नव्हती. मी शिकले होते, म्हणून चावी माझ्याकडे. बाबा माझ्या शेजारी बसत आणि आई मागे, एकटी, ऐसपैस.

वास पहिल्यांदा तिलाच आला. टेमघरच्या आमच्या घरून आम्ही गणेशपुरीला निघालो होतो, तिच्या गुडघ्यांसाठी गरम पाण्याच्या कुंडावर. काचा बंद, एसी चालू. आई म्हणाली, पेट्रोलचा वास येतोय. बाबा हसले. भिवंडीत वासाला काय तोटा, म्हणाले. लूमचं तेल आहे, सुताला लावायची सायझिंगची खळ आहे, डाइंगचं पाणी आहे. पण अंबाडी गाव मागे पडलं, दोन्ही अंगाला नुसती शेतं लागली, तरी वास होताच. आता मलाही येत होता. गोडसर, घशाला चिकटणारा. काच खाली केली की विरायचा, वर केली की हळूहळू परत भरायचा. म्हणजे तो बाहेरून येत नव्हता. उरलेला रस्ता आम्ही काचा खाली करूनच काढला.

कल्याणच्या ज्या शोरूममधून गाडी घेतली, तिथे दाखवायला नेली. त्यांनी धुऊन पुसून परत दिली. नव्या गाडीला वास असतोच, असं सांगून डॅशबोर्डवर मोगऱ्याच्या सुगंधाची एक डबी फुकट लावून दिली. त्यानंतर गाडीत मोगरा आणि पेट्रोल दोन्हींचा वास यायला लागला. त्याने उलट जास्तच धडकी भरायची.

तिथेच वडप्याचा एक जमीनदार भेटला. अगदी आमच्यासारखीच गाडी, रंग तेवढा वेगळा. त्याची म्हातारी आई मागे बसली की तिला मळमळायचं, म्हणून तोही आला होता. आईने त्याला विचारलं, तुम्ही लेखी तक्रार केलीत का? तो संकोचला. जमिनी विकून गाडी घेतली, आता ती खराब निघाली म्हणून सांगायचं तर गावात हसं होईल, असं काहीसं बोलला आणि चावी फिरवत निघून गेला.

आईने मात्र गाडी स्वयंपाकघराच्या खिडकीखाली लावू द्यायची बंद केली, कारण आत सिलिंडर होता. गाडीची पूजा करायची तर दारापुढच्या ओट्यावरून, उदबत्ती गाडीजवळ न्यायची नाही. शेजारी चेष्टा करायचे. रोज सकाळी दार उघडलं की आत कोंडलेला वास अंगावर यायचा आणि मी सगळ्या काचा खाली करून थोडा वेळ बाहेर उभी राहायचे. किल्ली फिरवताना श्वास आपोआप रोखला जायचा.

कंपनीला लिहिलं. नम्र उत्तर आलं की गाडी सर्व मानकांनुसार आहे. मग आई मला घेऊन परिवहन खात्याच्या कार्यालयात गेली. तिथल्या अधिकाऱ्याने आमचं सगळं नीट ऐकून घेतलं. या मॉडेलला मंजुरी सरकारी चाचणी झाल्यावरच मिळते, म्हणाला. पण चाचणीला येते ती एखादी गाडी. नंतर कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या गाड्यांत खोट निघाली, तर त्या कंपनीला परत बोलवायला लावायचा अधिकार आमच्याकडे नाही.

"मग कोणाकडे आहे?" आईने विचारलं.

"आज तरी कोणाकडेच नाही, बाई," तो म्हणाला. "तुम्ही ग्राहक मंचात जा. निदान कागदावर तरी येईल."

आम्ही गेलो. तारखा पडत राहिल्या. कंपनीच्या वकिलांचं म्हणणं असं की वास हा दोष नव्हे, तक्रारदार महिलेला प्रवासाचा त्रास आहे. बाबा कंटाळले, म्हणाले विकून टाकू. आई म्हणाली, विकली तर तिच्यात दुसरं कोणीतरी बसेल. आम्ही गाडी वापरणंच सोडलं. अंगणाच्या टोकाला, ताडपत्रीखाली ती उभी होती आणि वाऱ्याची दिशा बदलली की घरात कळायचं.

उन्हाळ्यात वडप्याच्या त्या माणसाची गाडी पेटली. वज्रेश्वरीच्या रस्त्यावर, भर दुपारी. मला गोदामातल्या हमालांकडून कळलं. दुसऱ्या दिवशी आई आणि मी एसटीने तिकडे गेलो. गाडीचा सांगाडा पोलिस चौकीजवळ आणून टाकला होता. पुढचा भाग पुष्कळसा शाबूत होता. मागची सीट मात्र उरलीच नव्हती, नुसत्या स्प्रिंगा. आई सांगाड्याभोवती एक फेरी मारून आली आणि चौकीच्या पायरीवर बसली.

म्हातारी वाचली होती. मागचं दार अडकलं, ते तापलेलं दार लेकाने उघड्या हातांनी ओढून काढलं. त्याचे दोन्ही तळवे भाजले. कंपनीने लगेच सांगितलं, गाडीत बाहेरच्या दुकानातून गाण्यांचा टेप बसवून घेतला होता, त्याच्या वायरिंगने आग लागली.

पुढच्या तारखेला तो मंचात आला. आम्ही बोलावलं नव्हतं. हातांना पट्ट्या होत्या, सोबत आलेल्या भावाने त्याच्यासाठी खुर्ची ओढली. वकिलांनी टेपचा मुद्दा काढला, तेव्हा तो उभा राहिला.

"टेप मी लावला, ह्ये खरं हाय," तो म्हणाला. "पन वास त्याच्या आदीपासून व्हता. माजी आय रोज सांगायची. या बाईंनी तक्रार केली, मी केली न्हाय."

अध्यक्षबाईंनी आमची गाडी एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये, दोन्ही पक्षांसमोर उघडून तपासायचा आदेश दिला.

मागची सीट उचलल्यावर शोधायची गरजच पडली नाही. टाकीकडून पुढे जाणारी रबरी नळी एका लोखंडी पट्टीच्या कडेवर टेकलेली होती. खड्डा आला की घासायची. घासून घासून ती एका जागी कागदासारखी पातळ झाली होती आणि तिथे ओल होती. आई बसायची त्याच्या बरोबर खाली. कंपनीचा माणूस वाकून बघत राहिला. त्यानंतर त्याने पेट्रोल पंपावर करतात तसा खिशातला मोबाईल काढून बंद केला.

निकाल आमच्या बाजूने लागला आणि वडप्याच्या माणसालाही पुढे भरपाई मिळाली. पण आईला हवं होतं ते वेगळंच, तसल्या सगळ्याच गाड्या दुरुस्त व्हायला. काही महिन्यांनी कंपनीने त्या मॉडेलच्या गाडीमालकांना 'मोफत तपासणी'साठी बोलावलं. दोष हा शब्द कुठेही नव्हता. कल्याणच्या वर्कशॉपबाहेर गाड्यांची रांग लागली, ती बघायला आई मुद्दाम आली. नव्या नळ्या पट्टीपासून लांबून नेल्या होत्या, वर क्लिपा लावल्या होत्या. काढलेल्या जुन्या नळ्यांचा कोपऱ्यात ढीग होता. आईने त्यातली एकेक उचलून बघितली. बऱ्याच नळ्यांवर तसाच घासल्याचा व्रण होता. रांगेतली माणसं चहा पीत होती, कशासाठी बोलावलंय हे त्यांना ठाऊक नव्हतं.

त्यानंतरच्या नव्या गाड्यांत ती पट्टीच काढून टाकली. सदोष गाड्या परत बोलवायला लावायचा अधिकार सरकारला कायद्याने मिळाला, तो आणखी बऱ्याच वर्षांनी. तोवर अशा किती तक्रारी किती कार्यालयांतून फिरल्या असतील कोण जाणे. आईने तो कायदा पाहिला नाही.

मधल्या काळात दुसऱ्यांना विकल्या गेलेल्या गाड्यांच्या नव्या मालकांपर्यंत ते बोलावणं पोचलंच नव्हतं. ते दशक संपता संपता एकदा हायवेच्या सिग्नलला तसली एक गाडी मी बसले होते त्या रिक्षाशेजारी थांबली. काचा बंद, मागे तीन मुलं. मी उतरून काचेवर टकटक केली. चालकाने काच खाली केली, तसा तो वास माझ्यापर्यंत आला. मी घाईघाईने सांगितलं की सीटखालची नळी बघून घ्या, आजच घ्या.

"गाड़ी एकदम मक्खन है, मॅडम," तो हसून म्हणाला. सिग्नल सुटला. मुलांनी मला टाटा केला आणि त्याने काच वर घेतली.