टाच टेकेपर्यंत

मी सुतार होतो. गुडघे गेले तेव्हा काम सोडलं. हात अजून चालतात. दारं, खिडक्या, पलंग, कपाटं पुष्कळ केली. त्यातलं काय कुठे गेलं, आज सांगता येणार नाही. एक ठोकळा मात्र कुठे होता ते पक्कं ठाऊक आहे. कपडे शिवायच्या कारखान्यात, कटिंगच्या टेबलापाशी, माझ्या पुतणीच्या पायाखाली.

पुतणीला घरात गिट्टी म्हणतात. नाव तिच्या बापाने, म्हणजे माझ्या मोठ्या भावाने ठेवलं. खडीतला बारीक दगड असतो तशी. लहान आणि टणक. भाऊ गेला. घरात आता वहिनी, गिट्टी आणि मी.

गिट्टी कटिंग मास्तर आहे. कापडाचे थर एकावर एक अंथरायचे, वरच्या थरावर खडूने आखायचं आणि उभ्या पात्याचं मशीन रेषेवरून न्यायचं. रेष सुटली तर एक बाही जात नाही, थरातल्या सगळ्या बाह्या जातात. तिची रेष सुटत नाही. पण टेबल होतं उंच माणसांसाठी बांधलेलं. मध्यावर हात पोचेना म्हणून मी तिला जाड फळ्या सांधून ठोकळा करून दिला. त्यावर ती वर्षानुवर्षं उभी राहिली.

मुकादम म्हणायचा, "मास्तर, खाली उतरलात की हजेरी घेताना दिसत नाही."

ती म्हणायची, "मशीन थांबलं की दिसेन."

एकदा जेवताना ती म्हणाली, "मी पाय लांब करून घेणार आहे."

वहिनी म्हणाल्या, "कुणाच्या पँटचे?"

"माझे. हाडाचे."

मग तिने नीट सांगितलं. नडगीचं हाड कापतात. हाडातून सळ्या आरपार घालून बाहेर पोलादी कड्या बसवतात. कड्या जोडणाऱ्या दांड्यांवर नट असतात. ते रोज जरा जरा फिरवायचे. हाडाची दोन टोकं हळूहळू लांब जातात आणि मधल्या फटीत नवं हाड धरतं. आधी नडग्या. सगळं ठीक झालं तर पुढे मांड्या.

वहिनींनी घास खाली ठेवला. "लोक पाय मोडला म्हणून रडतात. तू मोडून घेणार?"

"कापून. मोडून नाही."

"कुणी काही बोललं का? लग्नाचं काही आहे का?"

"काही नाही."

मी म्हणालो, "टेबलाचे पाय कापून देतो. तुझे कशाला?"

"टेबलासाठी नाही हो काका. मला उंच व्हायचंय. बस्स. आई केस काळे करते तेव्हा कुणी कारण विचारतं का?"

वहिनींचा हात आपोआप केसांकडे गेला.

मी विरोधात होतो. अजूनही आहे. चांगल्या लाकडाला विनाकारण करवत लावू नये, असं मला शिकवलंय. पण पैसे तिचे, पाय तिचे. आणि ज्या बाईने इतकी वर्षं पात्यासमोर बोटं शाबूत ठेवली, तिला धोका कशाला म्हणतात ते मी काय सांगणार?

ऑपरेशन झालं. ती घरी आली ती दोन्ही नडग्यांभोवती कड्या घेऊन. वहिनी सुरुवातीला तिच्या पायांकडे न बघता चादर सारखी करायच्या. मग एक दिवस स्वतःच कापूस आणि औषध घेऊन बसल्या आणि सळ्यांच्या तोंडाची जागा पुसायला लागल्या. पुसताना बोलणी चालूच. "बाप असता तर घराबाहेर काढलं असतं तुला."

"चालता येत नाही. उचलून काढावं लागलं असतं."

शेजारीण बघायला आली. कड्या बघून तोंडावर पदर घेतला. "चांगल्या पायांचं काय करून घेतलंस गं?"

"आणखी चांगले," गिट्टी म्हणाली. "बसा. चहा घेणार?"

नट ती स्वतः फिरवायची. बारीक पाना उशीजवळ असायचा. मी हात पुढे केला तर म्हणायची, "माझं मशीन मी चालवते." दुखायचं. दुखताना ती छताकडे बघायची. तेवढ्यावरून आम्ही ओळखायचो.

मग उजव्या पायाची टाच वर राहू लागली. वॉकर धरून उभी राहिली की डावा पाय पूर्ण टेकायचा, उजवा चवड्यावर. पायाच्या बोटांना मुंग्या यायच्या. गिट्टी म्हणाली, होतं असं. तपासणीच्या दिवशी डॉक्टर बाईंनी हाडाचा फोटो उजेडावर धरला.

"नट किती वेळा फिरवता?"

"सांगितलं तेवढं."

"फोटो तसं म्हणत नाही."

गिट्टीने कडीवरचा नट बोटाने चाचपला. मग म्हणाली, "रोज एकदा जास्त."

"का?"

"माया ठेवली."

डॉक्टर बाईंना कळलं नाही. मी सांगितलं, शिवणीसाठी कापड मापापेक्षा थोडं जास्त सोडतात, त्याला माया म्हणतात.

"आणि धुतल्यावर कापड आटतं," गिट्टी म्हणाली. "मला वाटलं, कड्या काढल्यावर हाडही थोडं आटेल. मग माप कमी पडायला नको."

मला हसू आलं आणि लगेच गेलं. कापड कापणाऱ्या माणसाखेरीज असली चूक कुणाच्या डोक्यात येणार नाही.

डॉक्टर बाई हसल्या नाहीत. "हाड आटत नाही. हाड तुमचं ऐकतंय. पोटरी ऐकत नाहीये. ती इतक्या भराभर लांब होत नाही, म्हणून टाच वर ओढली जातेय. आजपासून नट बंद."

"किती दिवस?"

"पंधरा. त्यात टाच टेकली तर पुन्हा हळूहळू सुरू करू. त्याहून जास्त थांबता येणार नाही, हाड आहे तिथेच जुळून जाईल. टाच टेकली नाही तर टाचेमागची शीर सैल करायला पुन्हा कापावं लागेल. मग उंची इथेच थांबली. आणि मांड्यांचं विसरा."

परत येताना गाडीत वहिनी म्हणाल्या, "जेवढी वाढलीस तेवढी पुरे की."

"पुरे कुणी ठरवायचं?"

"अगं, चूक तुझी, आणि वर तोंड करून बोलतेस?"

"चूक माझी आहे. म्हणून माप सोडू?"

घरी आल्यावर मी तिला उभं केलं. टाचेखाली माझी दोन बोटं सहज गेली. ती म्हणाली, "काका, पाचर करा. टाचेखाली बसेल अशी. जशी टाच उतरेल तशी रंधत जा."

बेत बरा होता. टाच अधांतरी राहिली तर पोटरी अंग चोरते. खाली आधार मिळाला तर वजन टाकता येतं. व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीला विचारलं. तीही हो म्हणाली.

"लाकूड बघतो," मी म्हणालो.

"लाकूड आहे. माझा ठोकळा आणा कारखान्यातून."

"परत कामावर गेलीस की उभी कशावर राहशील?"

"जमिनीवर."

मुकादमाने ठोकळा पोचता केला. वरची बाजू तिच्या पायांनी गुळगुळीत झाली होती. चांगलं काम होतं माझं, एक सांधा हललेला नव्हता. करवत लावताना मी थोडा थांबलो. आतून गिट्टीने हाक मारली, "आवाज येत नाहीये, काका!" मी कापला.

पाचर बसली. काम सुरू झालं.

काम म्हणजे काय ते सांगतो. पायाच्या चवड्याला पट्टा अडकवून स्वतःकडे ओढायचं आणि धरून ठेवायचं. मग वॉकर धरून भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, गुडघा सरळ ठेवायचा आणि टाचेवर वजन टाकायचं. दिसायला काहीच नाही. मी घाम गाळणारे कारागीर पुष्कळ पाहिलेत, ज्यांची चौकट शेवटी वाकडीच बसते. घाम हा पुरावा नाही. म्हणून मी खुर्ची टाकून तिच्या बाजूला बसायचो आणि गुडघ्याकडे बघायचो. गुडघा जरा वाकवला की टाच फुकटात खाली जाते.

"गुडघा," मी म्हणायचो.

"सरळ आहे."

"वाकलाय."

"काका, मला लागतंय, तुम्हाला दिसतंय होय?"

"गुण्या आणू?"

"आणा!"

मी खरंच गुण्या आणला, चौकटीचा काटकोन तपासतात तो, आणि पायाशी धरला. गुडघ्यामागे फट होती. तिने मला एक शिवी दिली, जी तिच्या बापाची होती, आणि गुडघा मागे ढकलला. तोंडातून श्वास सुटला. वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "भावजी, पोरीला मारू नका." पण मध्ये पडल्या नाहीत.

टाच पाचरीवर नीट बसली की मी रंधा मारायचो. एक पातळ साल काढायची, जास्त नाही. ती साल गिट्टी हातात घेऊन उजेडावर धरायची. कधी म्हणायची, "कागदासारखी." कधी, "आज हात जड पडलाय तुमचा."

मला भीती होती ती वेगळीच. वाटलं, ही पुन्हा माया ठेवणार. सांगितल्यापेक्षा जास्त ओढणार, पाय सुजवून घेणार. एका संध्याकाळी तिचं चांगलं चाललं होतं. टाच सहज बसत होती. मीच म्हणालो, "आणखी एकदा घे."

तिने पट्टा सोडून ठेवला. "आज एवढंच सांगितलंय."

"जमतंय तर."

"काका, एवढंच."

मी रंधा उचलून आत गेलो.

पाचर पातळ होत होत शेवटी तिची नुसती पट्टी उरली. मग पट्टीही काढली. टाच टेकल्यासारखी दिसत होती. दिसण्यावर माझा भरवसा नाही.

तपासणीला डॉक्टर बाईंनी तिला उभं केलं. वाकून बघितलं. "टेकली आहे असं वाटतंय."

"वाटतंय नको," गिट्टी म्हणाली. "काका, कागद."

मी खिशातून कागद काढला, गुडघ्यांना शिव्या देत खाली बसलो आणि टाचेखाली सरकवायला गेलो.

"हे काय?"

"चौकट टेकली का ते असंच बघतो आम्ही. आत गेला तर फट आहे."

कागद गेला नाही. मी तिला टाच उचलायला लावली, कागद खाली ठेवला आणि पुन्हा टेकवायला सांगितलं. मग डॉक्टर बाईंनी स्वतः ओढून पाहिला. अर्धा त्यांच्या हातात आला, अर्धा टाचेखाली राहिला.

"गुडघा बघा," गिट्टी म्हणाली. "सरळ आहे."

डॉक्टर बाईंनी गुडघाही बघितला. "उद्यापासून नट सुरू. आधीपेक्षा हळू. आणि –"

"माया नाही," गिट्टी म्हणाली.

पुढे पाय ठरल्याएवढे वाढले, हाड धरलं, कड्या निघाल्या. बरेच महिने गेले. नडग्यांवर सळ्यांचे गोल वण राहिले. ती ते झाकत नाही. शेजारणीने विचारलं तर म्हणते, "टाके आहेत. कापलं की शिवावं लागतं."

कामावर परत गेली त्या दिवशी मी सोबत होतो. एका हातात काठी होती. मुकादमाने भल्या मनाने टेबलापाशी जुन्या खोक्याच्या फळ्यांचा नवा ठोकळा ठोकून ठेवला होता. खिळे बाहेर आलेले, काम अगदीच भिकार. गिट्टीने तो काठीने सरकवत सरकवत दारापर्यंत नेला आणि वाऱ्याने आपटणारं दार त्याला टेकवून उघडं ठेवलं.

मुकादम म्हणाला, "मास्तर, फार काही फरक दिसत नाही हो."

"तुम्हाला दिसावा म्हणून केलंच नाही."

ती जमिनीवर उभी राहिली. काठी टेबलाला टेकवली. हात मध्यापर्यंत पोचतो का ते मी बघत होतो. पोचायला अजून थोडा कमी पडत होता. तिने पोट टेबलाच्या कडेला लावलं, पुढे झुकली, टाचा न उचलता. मशीन रेषेला लागलं. रेष सुटली नाही.

दुपारी बाहेर बाकावर बसलो तेव्हा म्हणाली, "डॉक्टर म्हणतात मांड्यांसाठी वर्षभर थांबा. पायांत ताकद येऊ दे. तोवर घराचं बघू. पलंग उंच लागेल, मांडीला कड्या असल्या की खालून उठता येत नाही. आणि न्हाणीचा उंबरा वॉकरला अडतो."

"मी नाहीच म्हणणार आहे."

"म्हणा की. पण पलंग किती उंच करायचा?"

संध्याकाळी घरी आलो आणि न्हाणीचा उंबरा छिन्नीने काढायला घेतला. लाकूड जुनं आहे, चिवट आहे. वेळ लागेल. वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या.

"तुम्ही पण ना, भावजी," म्हणाल्या, आणि दिवा जवळ आणून धरला.