होडी किती वेळ चालते?

१२ नोव्हेंबर २०१७, रविवार. नव्या बॅटऱ्या दोन, जाड वायर आणि जोडणी मिळून एकोणीस हजार चारशे रुपये. ठिकाण नाथसागर जलाशयाचा काठ, पैठणच्या अलीकडे. हजर: माझे दाजी, मी आणि पाणीवाले चाचा. ही नोंद माझ्या वहीत आहे. तिच्यातला प्रत्येक आकडा मी दोनदा तपासला होता आणि प्रत्येक आकडा बरोबर होता. तरीही काम चुकले. ते कसे चुकले आणि चाचांनी ते कसे निस्तरले, हे मी अजून लोकांना थांबवून सांगतो.

चाचांचे बॅटरीचे दुकान आमच्या शहरात, मोंढ्याच्या घाऊक बाजाराजवळ होते. गिऱ्हाईक पायरीवर पाय ठेवते न ठेवते तोच ते विचारायचे, "पानी देखा?" बॅटरीतले पाणी पाहिले का, एवढाच त्याचा अर्थ. सलाम, नमस्कार, बसा, सगळे त्याच्यानंतर. दहातल्या सात जणांनी पाहिलेले नसायचे. चाचा मान हलवत बाटली उचलायचे. त्यावरून त्यांचे नाव पाणीवाले चाचा पडले. खरे नाव पाटीवर होते, पण पाटी कोणी वाचत नसे.

नवी बॅटरी विकणाऱ्या माणसाने जुनी वाचवायला धडपडावे, हे मी दुसरीकडे पाहिले नाही. फुलंब्रीचा एक शेतकरी ट्रॅक्टरची बॅटरी घेऊन आला होता. हातात नोटा तयार. चाचांनी मीटर लावले, झाकणे उघडली, वास घेतला आणि म्हणाले, "मेली नाय ही. उपाशी हाय. उपाशी मानसाला कोनी पुरतंय का?" दोन दिवस ती बॅटरी दुकानात सावकाश भरत राहिली. तिसऱ्या दिवशी ट्रॅक्टर सुरू. शेतकऱ्याने नोटा परत खिशात घातल्या. मी वाळूजच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो, त्यामुळे मला राहवले नाही. म्हणालो, "चाचा, अशानं तुमचा धंदा कसा चालणार?"

"साब, मरणाऱ्या बॅटऱ्या काय कमी हायत? जित्त्या कशाला मारू?"

भरताना घाई त्यांना अजिबात खपत नसे. चार्जिंगला लावलेल्या बॅटरीवर ते मधून मधून हाताची मागची बाजू टेकवायचे. लेकराच्या कपाळावर टेकवतात तशी. गरम लागली की लगेच चार्जर कमी. "जबरदस्तीनं खाऊ घातलं का ताप येतो," म्हणायचे.

आता होडीकडे येतो. दाजी नोकरीनिमित्त मुंबईत असताना शिडाची होडी चालवायला शिकले होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी होडी विकत घेतली, ट्रेलरवर घालून आणली, कागदपत्रे पुरी केली आणि नाथसागरात सोडली. छोटे डिझेल इंजिन, दिवे, आणि तळात झिरपलेले पाणी आपोआप उपसणारा एक पंप. सगळ्याला मिळून बॅटरी एकच. एका संध्याकाळी वारा पडला, बॅटरीही बसली. इंजिन सुरू होईना, दिवा लागेना. मासेमारांनी दोरी बांधून ओढत आणले. काठावर माझी ताई उभी होती. तिने आवाज चढवला नाही, फक्त सांगितले, "परत एकदा दोरीनं ओढून आणलं, तर होडी विकायची." ताई बोलते ते करते, हे दाजींना छत्तीस वर्षांपासून ठाऊक होते.

म्हणून मी दाजींना चाचांकडे नेले. चाचांनी आयुष्यात होडीला हात लावला नव्हता, पण प्रश्न नेमके विचारले. दिवे किती, पंप केवढा, इंजिनावरचा डायनामो केवढा. बॅटरीत किती वीज मावते ते अँपिअर-तासांत मोजतात. मी नुसते अँपिअर लिहितो, चाचाही तसेच म्हणत. रोजचा खर्च चाळीस अँपिअर निघाला. मग त्यांनी विचारले, "होडी किती टाइम चालती?"

"दिवसाचे सहा तास सहज," दाजी म्हणाले.

मी वहीत लिहिले, ‘चालते: ६ तास'. डायनामोची भरती तासाला पंधरा, सहा तासांत नव्वद. खर्च चाळीस, जमा नव्वद. आम्ही तिघेही खूश. जुनी साठ अँपिअरची बॅटरी चाचांनी दुकानात ठेवून घेतली. होडी काठाला बांधलेली असतानाच शंभर शंभरच्या दोन नव्या बसवल्या आणि वर लिहिलेले पैसे झाले.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी दाजी होडीवर गेले, तर पाय घोट्यापर्यंत पाण्यात. पंप बंद. दिवा काजव्याएवढा. त्यांनी मला तिथूनच फोन केला. "तुझा चाचा ट्रकचा माणूस. होडीतलं त्याला काय कळतंय? आणि ऐक, ताईला यातलं काही बोलू नकोस."

मी चाचांना कळवले. त्यांनी एकच विचारले, "पानी बॅटरीत कमी झालं का होडीत जास्त झालं?" आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पैठणच्या एसटीत बसले. पिशवीत मीटर, पान्हे आणि डबा. मी रजा टाकून मागोमाग गेलो.

दाजींनी होडीतले पाणी काढून आणि तात्पुरती एक बॅटरी जोडून ठेवली होती. चाचा म्हणाले, "रोज चालवता तशी चालवा. मी बघतो." इंजिन सुरू झाले. चाचा मीटरकडे बघत बसले, भरती छान दिसत होती. दहाएक मिनिटांनी काठ मागे राहिला. दाजींनी शीड चढवले आणि इंजिन बंद केले.

चाचा दचकले. "साब, इंजिन बंद पडलं!"

"पडलं नाही, मी केलं."

चाचांनी वाकून पाण्याकडे पाहिले. होडी कापत चालली होती. "मग ही चालती कशावर?"

"वाऱ्यावर. शिडाची होडी आहे चाचा. इंजिन लागतं ते जायला-यायला."

चाचांनी मान वर करून शिडाकडे पाहिले. मग माझ्याकडे वळले. "तुमची वही हाय? मी काय इचारलं होतं?"

मी वाचून दाखवले. ‘चालते: ६ तास.'

"पन्नास वर्सं झाली," चाचा म्हणाले, "माझ्याकडं आलेली हर गाडी चालती म्हंजी इंजिन चालतं. इंजिन बंद करून चालनारी ही पयलीच."

सहा तास होडी चालत होती आणि त्यात जाऊन-येऊन वीस मिनिटे इंजिन. जमा नव्वद नव्हे, पाच. दाजी ओशाळले. म्हणाले, "माझंच चुकलं, मी सांगायला हवं होतं." मी म्हणालो, लिहिताना मीही विचारायला हवे होते. चाचांनी हात वर केला.

"तुम्ही खरं सांगितलं. यांनी सांगितलं ते लिवलं. सवाल माझा होता, तोच कच्चा निघाला. बॅटरी मी लावली, चूक माझी. होडी इकू देनार नाय मी." ताईची अट मीच कधीतरी त्यांच्या कानावर घातली होती.

पुढचे तीन दिवस ते एसटीने जाऊन-येऊन करत होते. होडीच्या छपरावर शंभर वॅटचे सोलर पॅनल बसले. बॅटरी भरली की भरती आपोआप कमी करणारे एक छोटे यंत्र त्याच्यासोबत. "हे माझ्या हाताचं काम करतंय," त्यावर हात ठेवून चाचा म्हणाले. नव्या दोन बॅटऱ्या दिवे आणि पंपाला दिल्या. इंजिन सुरू करायला वेगळी बॅटरी हवी होती, तिला दिव्यांनी हात लावायचा नाही. ती विकत घ्यावी लागली नाही. चाचांनी पिशवीतून आमचीच जुनी साठवाली काढली. महिनाभर दुकानात तिला सावकाश भरत ठेवले होते. "ही मेली नव्हतीच," म्हणाले.

आठवड्याने ताई स्वतः परीक्षेला आली. सकाळी दहाला होडीत बसली ती दिवेलागणीपर्यंत. दाजींनी सगळे दिवे लावले, पंप चालवला, मग किल्ली फिरवली. इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झाले. ताई म्हणाली, "म्हणजे मासेमारांना बोलवायला नको?" दाजींच्या चेहऱ्यावरून त्या दिवशी दहा वर्षे उतरली.

चाचांना जाऊन आता तीन वर्षे झाली. दुकानाच्या जागी मोबाईलचे सामान मिळते. कारखान्यात कोणी मशीन ‘चालू आहे' म्हणाले की मी आजही विचारतो, म्हणजे नेमके काय चालू आहे? नवी पोरे हसतात. मी त्यांना होडीची गोष्ट सांगतो. शहरात चाचांपेक्षा मोठी दुकाने खूप होती. पण पन्नास वर्षांच्या अनुभवानंतर, पाण्याच्या मधोमध, दोन माणसांसमोर ‘सवालच कच्चा होता' म्हणणारा माणूस आमच्या मोंढ्यावर बसत होता आणि मी त्याचे गिऱ्हाईक होतो.

वहीतला एक हिशेब सांगायचा राहिला. होडीच्या दुसऱ्या कामाचे, म्हणजे पॅनल आणि यंत्राचे मिळून, सात हजार दोनशे चाचांनी खरेदीच्या बिलाबरहुकूम घेतले. मजुरी घेईनात. दाजींनी फारच धरले तेव्हा म्हणाले, "द्यायचीच तर माझ्या घरवालीला द्या. तिला एकदा होडीत बसवा, अन् मधी गेल्यावर इंजिन बंद करा."

त्याच हिवाळ्यात, जानेवारीत चाची आल्या. काठ लांब गेल्यावर दाजींनी इंजिन बंद केले. चाचा त्यांच्या जवळ सरकले. "सुन."

चाचींनी कान दिला. "क्या सुनूँ? कुछ तो आवाज नै."

"वोइच सुन," चाचा म्हणाले.

त्या दिवशी वहीत लिहिले: मजुरी, होडीची एक फेरी, इंजिन बंद. हजर: दाजी, ताई, चाचा, मी. पोचली: चाचींना.