सिस्टरांच्या गालिच्यावर लाल आणि निळं

मी धूळ ओढायचं मशीन विकायला लागले तेव्हा गावाकडून, कन्नडहून, आईनं फोनवर विचारलं, "आता झाडू मारायला बी लोकांना शिकवावं लागतं व्हय?"

मी म्हटलं, "झाडू नाय गं, व्हॅक्युम क्लीनर आहे."

"मग लाइट गेल्यावर काय करत्यात?"

या प्रश्नाचं उत्तर कंपनीच्या ट्रेनिंगमध्ये कुणी शिकवलं नव्हतं. तिथं शिकवला होता तो रुमालाचा खेळ. मशीनच्या तोंडाशी पांढरा रुमाल लावायचा, गादीवरून दोन हात फिरवायचे आणि काळा पडलेला रुमाल घरातल्या बाईसमोर धरायचा. बोलायचं काहीच नाही, रुमालच बोलतो, असं आमचे सर म्हणायचे.

मी आधी एका कोचिंग क्लासच्या रिसेप्शनला बसायची. तो क्लास बंद पडला म्हणून ही नोकरी धरली. पहिल्याच घरात मी मोठ्या उत्साहानं रुमाल पुढे केला. त्या बाईंनी एकदा रुमालाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "म्हणजे आमचं घर घाण आहे म्हणता?" असं विचारून त्यांनी मला दारापर्यंत पोहोचवलं. चहाचं आधण ठेवलं होतं, तो गॅसही बंद केलेला मला ऐकू आला.

आमच्या कंपनीचं मशीन लाल. शहरात आमच्या तोडीची दुसरी कंपनी एकच, तिचं मशीन निळं. ते विकणारे एक चाचा होते. पन्नाशी ओलांडलेले, मेंदी लावलेली दाढी, इस्त्रीचा शर्ट, आणि मोपेडच्या पुढच्या जागेत उभा बांधलेला निळा खोका. शहरातल्या गारखेडा भागात एखाद्या घरी मी सकाळी जाऊन आले की संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी चाचा हजर. माझ्या हातातून चार गिऱ्हाइकं अशी गेली. एकदा एका सोसायटीच्या लिफ्टपाशी आम्ही समोरासमोर आलो. लिफ्टमध्ये एकच खोका मावत होता.

"आप जाओ ताई पहले," ते म्हणाले आणि बाजूला झाले.

मी गेले. पण मनात म्हटलं, आज अदब दाखवतोय आणि उद्या याच घरात निळं मशीन दिसणार. तसंच झालं.

मग मीही जरा वाकड्यात शिरले. ऑफिसात कुणीतरी बोललं होतं की निळ्यावाल्यांचं इथलं सर्व्हिस सेंटर बंद होणार आहे. खरं की खोटं, मी विचारलंसुद्धा नाही. तीन घरांत बिनधास्त सांगून टाकलं, "घ्यायचं तर घ्या, पण उद्या बिघडलं तर नेणार कुठं?" तिन्ही घरांतल्या बायका विचारात पडल्या. मला लई बरं वाटलं. ते बरं वाटणं दोन आठवडे टिकलं.

ती तीन घरं असलेल्या कॉलनीतच एक निवृत्त नर्स राहायच्या. सगळी कॉलनी त्यांना सिस्टर म्हणायची. त्यांच्या यजमानांनी आयुष्यभर एसटी चालवलेली. आता त्यांना दमा होता आणि समोर रस्त्याचं काम महिनोन्महिने चाललेलं, त्यामुळे घरात धुळीचा थर रोज नवा. सिस्टरांनी मला फोन केला. "बुधवारी अकराला या. आमचा नळ मंगळवारी आहे, बुधवारी मी मोकळी."

हे मला या धंद्यानं शिकवलं होतं. आपल्या शहरात नळाला पाणी येण्याच्या दिवशी डेमो ठेवायचा नाही. त्या दिवशी बाई पाइप धरून असते, तिला जगातली कुठलीच धूळ दिसत नाही.

बुधवारी अकराला मी पोहोचले तर फाटकाशी मोपेड उभी. आत सोफ्यावर चाचा बसलेले, पुढ्यात निळं मशीन. शिवाय कॉलनीतल्या सहा-सात बायका खुर्च्या मांडून बसलेल्या. त्यातल्या दोघी मी ओळखल्या. सर्व्हिस सेंटरची गोष्ट मी ज्यांना सांगितली त्याच.

"मीच बोलावलं दोघांना," सिस्टर म्हणाल्या. "एकेकाचं ऐकलं की प्रत्येकाचं खरं वाटतं. आज समोरासमोर होऊन जाऊ द्या."

सिस्टरांच्या मुलानं आखातातून आणलेला मोठा गालिचा हॉलमध्ये अंथरला होता. सिस्टरांनी त्याच्या मधोमध पांढरी नाडी टाकली. डावी बाजू माझी, उजवी चाचांची. यजमान आरामखुर्चीत, नाकाला रुमाल लावून, पण डोळे चमकत होते.

आम्ही दोघांनी एकदमच बटण दाबलं. तो आवाज! पलीकडच्या गल्लीतलं कुत्रं भुंकायला लागलं. मी माझी बाजू अशी घासली की जणू लेकीच्या लग्नाचा मांडव तिथंच पडायचा होता. चाचा मात्र शांत, एकेक पट्टा सावकाश ओढत होते. दहा मिनिटांनी थांबलो. दोन्ही बाजू लख्ख.

मग मी माझा हुकमी पत्ता काढला. "सिस्टर, आता यांच्या बाजूवर माझं मशीन फिरवते. बघा अजून किती निघतं." फिरवलं. रुमाल काळा. बायकांत कुजबुज झाली. मी चाचांकडे बघितलं.

"मला पण मौका द्या," असं म्हणत चाचा नाडी ओलांडून माझ्या बाजूला आले. त्यांनी फिरवलं. त्यांचाही रुमाल काळा.

मग एक बाई म्हणाली, "म्हंजे दोघांचंबी अर्धंच काम?" आणि सगळ्या जणी हसायला लागल्या.

त्या हसण्यातच सिस्टरांनी विचारलं, "चाचा, ही आमची शेजारीण म्हणते तुमचं सेंटर बंद होणार. खरं आहे का?"

शेजारीणबाईंनी माझं नाव घेतलं नाही, फक्त माझ्याकडे बघितलं. तेवढं पुरेसं होतं. चाचांना कळलं. ते चिडले नाहीत. खिशातून मोबाइल काढला, नंबर लावला आणि स्पीकर सुरू करून टीपॉयवर ठेवला.

"बोला चाचा," पलीकडून मुलीचा आवाज आला. "कालच्या दोन मशीनच्या मोटारी तयार आहेत. आज येता का न्यायला?"

"सेंटर चालू है ना बेटा?"

"हौ चाचा, संध्याकाळी सातपर्यंत आहे ना. का?"

"कुछ नक्को. असंच विचारलं."

मला तिथून उठून जावंसं वाटलं. पण लाल मशीनची वायर सोफ्याच्या पायाखाली अडकलेली, पळणार कशी? मी उभी राहिले आणि सगळ्यांसमोर म्हटलं, "ते मी सांगितलं होतं. कुणाकडून तरी ऐकलं आणि शहानिशा न करता सांगितलं. चुकलं माझं. चाचा, माफ करा."

मग चाचांनी घसा खाकरला. "ताई, आता तुम्ही बोललात तर मी पण बोलून टाकतो. तुमच्या लाल मशीनच्या आवाजानं लहान लेकराचे कान खराब होतात, असं मी दोन घरांत सांगितलंय."

"एक घर माझंच!" मागं बसलेली एक तरुण आई ओरडली. "मी त्याच्यावरून नवऱ्याशी भांडले!"

यजमान इतके हसले की त्यांना खोकला लागला, आणि सिस्टर पाणी आणायला धावल्या. परत आल्या तेव्हा त्यांनी आम्हा दोघांनाही पाणी दिलं आणि म्हणाल्या, "आता एकच सांगा. तुमच्या स्वतःच्या घरी कुठलं मशीन आहे?"

मी चाचांकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे.

"अम्मा, घर में तो झाडूच है," चाचा म्हणाले.

"आमच्याकडे पण," मी म्हटलं.

आता मात्र बायकांना आवरणं कठीण झालं. पण सिस्टरांना मशीन खरंच हवं होतं, कारण झाडूनं धूळ उडते आणि ती यजमानांना सोसत नाही. त्यांनी फैसला यजमानांवर सोपवला. "माझे गुडघे गेलेत. चालवणार हेच. तर गाडी हेच पारखतील."

यजमान उठले. लुंगी सावरून त्यांनी आधी माझं मशीन हातात घेतलं. ढकललं, मागं ओढलं, सोफ्याच्या कोपऱ्यावरून वळवलं. मग चाचांचं. चाकं उलटी करून बघितली. बटण पायानं दाबता येतं का, ते दाबून पाहिलं. पुन्हा माझं घेतलं आणि त्याच कोपऱ्यावरून पुन्हा नेलं. एवढ्या गंभीरपणे माझ्या मशीनकडे आजवर कुणी पाहिलं नव्हतं, आमच्या सरांनीसुद्धा.

"पोरी," ते मला म्हणाले, "तुझी गाडी ताकदीची आहे. पण वळणावर जड जाती. माझं वय झालं आता. ही निळी वळण चांगलं घेती."

मी हरले. पण खरं सांगते, त्यांनी इतक्या नीट समजावून हरवलं की वाईट वाटायला जागाच राहिली नाही. मी वायर गुंडाळायला लागले. तेवढ्यात शेजारीणबाई चाचांना म्हणाल्या, "माझ्याकडेही या मग उद्या. आमचं कुत्रं सगळ्या सोफ्यावर केस पाडतं."

चाचांनी मान हलवली. "कुत्र्याचे केस असतील तर ताईंचं घ्या. त्यांचा ब्रश चांगला आहे. माझ्या मशीनला ते जमत नाही."

मी वायर हातात धरून तशीच बघत राहिले. बाईंनी पुढच्या आठवड्यात लाल मशीन घेतलं.

त्या दिवशी सिस्टरांकडून बाहेर पडल्यावर चाचांनी कोपऱ्यावरच्या टपरीवर चहा पाजला. मी म्हटलं, "ते कुत्र्याचं का सांगितलंत? तुमचं गिऱ्हाईक गेलं ना."

"माझं मशीन त्यांनी घेतलं असतं," ते म्हणाले, "आणि मग दर महिन्याला मला शिव्या दिल्या असत्या. मी रोज त्याच गल्लीतून जातो ताई." मग बशीत चहा ओतता ओतता त्यांनी मला धंद्यातली एक गोष्ट शिकवली. "तो रुमाल तोंडासमोर धरू नका. त्यांच्याच हातात द्या. बाईनं स्वतः काळा रुमाल पाहिला की ती रस्त्याला शिव्या देते. तुम्ही दाखवला की तिला वाटतं, तुम्ही तिला शिव्या दिल्या."

दुसऱ्या दिवसापासून मी रुमाल हातात द्यायला लागले. दारं बंद होणं कमी झालं. जिने आणि म्हातारी माणसं असलेली घरं मी चाचांना सांगायची. सोफे, गाद्या आणि कुत्री-मांजरी असलेली ते मला. दोन्ही ऑफिसांना यातलं काही माहीत नव्हतं. आमच्या सरांना वाटायचं, रुमालाचा खेळ मला आता जमायला लागला.

मग लोक मोबाइलवरून गोल चपटं रोबोट मशीन मागवायला लागले. ते आपलं आपण घरभर फिरतं. त्याला ना मी लागते, ना चाचा. दोन दिवाळ्या आमची दोघांची विक्री बसली. तिसऱ्या वर्षी बायपासकडच्या एका फ्लॅटमधून मला फोन आला. रोबोटनं पडद्याची झालर गिळली होती आणि तो दिवाणाखाली जाऊन ओरडत होता. मी चाचांना बोलावलं. दोघांनी जमिनीवर पालथं पडून त्याला बाहेर काढलं, उघडलं, केस आणि दोरे कापले. पाच मिनिटांत चालू. तिथल्या जोडप्यानं शेजाऱ्यांना सांगितलं, त्यांनी आणखी कुणाला. हळूहळू आम्ही विकण्यापेक्षा दुरुस्तच जास्त करायला लागलो, आणि शेवटी दोघांनी नोकऱ्या सोडून उस्मानपुऱ्यात एक छोटा गाळा घेतला. लाल, निळं, गोल, काहीही आणा.

चाचांना आता बारीक स्क्रू दिसत नाहीत, ते मी काढते. पण मोटारीला कान लावून आत काय बिघडलंय ते चाचा सांगतात, ते मला अजून जमत नाही. मागच्या आठवड्यात एक तरुण बाई लेकीला कडेवर घेऊन आली. मशीन खडखडत होतं. चाचांनी कान लावला. "ताई, मोटार ठीक है. चांदी वाजतीय आत."

"चांदी ऐकू येते का कधी?" मी हसले आणि नळी उघडली. आतून चांदीचं इवलंसं पैंजण निघालं.

"अगं बाई!" ती म्हणाली. "महिनाभर शोधतेय मी हे."

तिनं तिथंच त्याची धूळ पुसली आणि ते पोरीच्या पायात घातलं. पोरगी खाली उतरली आणि दुकानभर पाय आपटत फिरायला लागली.