दातांना तारीख ठाऊक नसते

आमच्या साडूंचा केला तेवढा हेवा मी आयुष्यात दुसऱ्या कोणाचा केला नाही, आणि इतका भला माणूसही मला दुसरा भेटला नाही. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान दातांचे डॉक्टर. ग्वाल्हेरच्या इंदरगंजात चौकालगत त्यांचा दवाखाना. पण दात काढण्यापेक्षा दातांवरून पोरांची वयं काढण्यात त्यांचा जीव अधिक. मूल समोर आलं की नाव विचारायच्या आधी ते त्याच्या हातात थंडीत पेरू आणि उन्हाळ्यात काकडी ठेवायचे. पोरानं घास तोडला की उरलेलं फळ उजेडात धरून चाव्याच्या खुणा न्याहाळायचे, मग तोंडात आरसा घालून बघायचे आणि सांगायचे, "पाच वर्षं. सहा महिने इकडे-तिकडे." हे इकडे-तिकडे त्यांच्या जिभेवर इतकं बसलं होतं, की लग्नाला किती वर्षं झाली असं विचारलं तरी तेच उत्तर मिळायचं, आणि मेहुणीबाई आत भांडी आपटायच्या. एकदा बिर्लानगरच्या एका गिरणी कामगाराच्या पोरानं पेरू सोडून त्यांच्या बोटालाच कडकडून चावा घेतला. हे ओरडायचं सोडून खिडकीशी गेले, वळ मोजले आणि आनंदानं म्हणाले, "खालचा एक पडलेला दिसतोय. सहा पूर्ण!"

आता माझं दुःख सांगतो. आमचं घराणं दरबारी ज्योतिषाचं. मी दफ्तरात कारकून असलो तरी पत्रिकेवरून इंग्रजी तारीख काढून द्यावी ती मीच; माझी चिठ्ठी नेली की शाळेत नाव दाखल. मग संस्थान विलीन झालं, दफ्तरावरच्या पाट्या बदलल्या, आणि आमच्या भागातल्या शाळेत नव्या बाई आल्या. त्यांना पत्रिका चालेना, डॉक्टरचा दाखला हवा. बघता बघता माझ्या ओट्यावरची गर्दी इंदरगंजात गेली. मी पंचांग मांडीवर घेऊन बसायचो आणि समोरून आयाबाया पोरांची बोटं धरून साडूंकडे जायच्या.

हेही मी गिळलं असतं. पण आमची शकू! बायकोची सर्वांत धाकटी बहीण आणि तिचे यजमान एकाच आजारात गेले, तेव्हा भिंडजवळच्या खेड्यातून चार वर्षांची ही पोर आमच्याकडे आली. आम्हाला मूलबाळ नव्हतं. बरोबर आणलं काय, तर गावच्या पंडितानं लिहिलेली पत्रिका. मी तिला खांद्यावरून जत्रा दाखवली, नक्षत्रांची नावं शिकवली, आणि ती सांगायची काय, "काका, दातकाका अमरूद देतात. तुम्ही तर फक्त पंचांगच बघता." मी पंचांग धाडकन मिटायचो.

शाळेचा नियम असा, की जुलैत सात वर्षं पूर्ण झालेलं मूल पहिलीत घ्यायचं नाही. दुसरीत बसवावं तर शकूला धड अक्षरओळख नव्हती. मी पत्रिका उघडली. चैत्र वद्य पंचमी. हिशेब केला आणि जाहीर केलं, "पाडवा झाला की पंधरा-वीस दिवसांत सात पूर्ण. नियमात बसत नाही." साडूंनी पेरू दिला, चावा पाहिला, आरसा घातला. म्हणाले, "साडूबुवा, सात कुठली? खालचे दात तर हलत पण नाहीयेत. दाढ आत्ता कुठे हिरडीतून डोकावतेय. अजून सहा पण नसतील झाली."

"सहा महिने इकडे-तिकडे?" मी खोचकपणे विचारलं.

"तेवढं धरूनसुद्धा सात नाही होत."

"म्हणजे पत्रिका खोटी आणि पेरू खरा?"

बायको म्हणाली, "अहो, भाऊजी म्हणताहेत तर मानून घ्या ना. पोरीची शाळा जाईल."

मी मानलं नाही. पोरीचं वर्ष जाईल हे कळत होतं, पण पेरूपुढे हार जाणं मला जमेना.

होळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारची दूधवाली म्हणाली, "लो पंडितजी, होली जल गई, चैत लग गया." मी हातातल्या तांब्यासकट जागच्या जागी उभा राहिलो. आपल्याकडे पौर्णिमेनंतरचा पंधरवडा म्हणजे त्याच महिन्याचा शेवट, इथल्या लोकांकडे तो पुढच्या महिन्याची सुरुवात. आमचा फाल्गुन चालू असतानाच शेजारी चैत्र लागतो. पंडितानं लिहिलेली चैत्र वद्य पंचमी म्हणजे आमची रंगपंचमी, वर्षाच्या अखेरीस येणारी. मी धरली होती वर्षाच्या सुरुवातीची, पाडव्यानंतरची. पोरीला मी अकरा महिने म्हातारी करून ठेवली होती. चार पिढ्या ग्वाल्हेरात काढलेल्या माणसाला हे माहीत नव्हतं असं नाही. साडूंना खोटं पाडायच्या घाईत मला ते आठवायचंच नव्हतं.

तसाच निघून इंदरगंजात गेलो आणि चूक कबूल केली. वाटलं, आता हे हसणार. त्यांनी खणातून दाखला काढला. केव्हाच लिहून ठेवलेला होता: 'दातांची वाढ सहा वर्षांच्या सुमाराची. जन्मतिथी पत्रिकेप्रमाणे,' आणि पुढे कोरी जागा.

"ही का सोडली?" मी विचारलं.

"तिथे तारीख तुम्हीच लिहायची. दातांना तारीख ठाऊक नसते." मग म्हणाले, "मला वाटलंच होतं तुम्ही याल. दोन-चार दिवस इकडे-तिकडे."

शकू पहिलीत गेली. पुढे पुन्हा राज्यं मोडली, नवी जोडली, माझं दफ्तर भोपाळला गेलं आणि आम्हीही गेलो. निघताना ती साडूंच्या गळ्यात पडून जी रडली, तशी माझ्यासाठी कधी रडेल का, हाच विचार मी झाशी येईपर्यंत करत होतो. भोपाळात तिची शेवटची दुधाची दाढ पडली तेव्हा तिनं ती कागदात गुंडाळून दातकाकांना पाठवायला लावली. पाकिटावर पत्ता मीच घातला, जरा दात-ओठ खाऊनच. आठवड्यानं कार्ड आलं: 'चि. शकूस आशीर्वाद. दाढ पोचली. वय अकरा, सहा महिने इकडे-तिकडे. नेमकं तुझ्या काकांना विचार.'

शकू कार्ड घेऊन धावत माझ्याकडे आली आणि मांडीला मांडी लावून बसली. "सांगा ना काका, मी केव्हा झाले?" मी पंचांग उघडलं आणि तिला रंगपंचमीपासून सगळं सांगितलं. साडू आता नाहीत. ते कार्ड अजून त्याच पानात आहे, आणि हेवा म्हणाल तर तोही थोडासा आहेच. पोरीला माझ्याकडे पाठवायचंसुद्धा त्यांनाच सुचलं.