कॅरियरवरचं बोलणं

लग्न होऊन महिनाही झाला नव्हता. माहेरी राजेश्वरला राहून परत सासरी, मादन हिप्परग्याला जायचं होतं. बस होती. मध्ये बदलावी लागायची, एवढंच. पण लग्नात माझ्या वडिलांनी, अप्पांनी दिलेली सायकल नवी होती आणि नवऱ्याला ती रस्त्यानं मिरवायची होती. "दिवस मावळायच्या आत पोचतो की," तो म्हणाला. जावयाच्या शब्दाबाहेर कोण जाणार? मी पदर खोचून कॅरियरवर एका अंगानं बसले.

हमरस्ता होता तोवर ट्रक, बैलगाड्या, काहीतरी दिसत होतं. आळंदच्या बाजूला वळलो आणि रस्ता सरळसोट झाला. ज्वारी, तूर, पुन्हा ज्वारी. एक बाभूळ मागं पडली की तशीच दुसरी. समोर बघावं तर नवऱ्याची पाठ, म्हणून दिवसभर मी रस्त्याची फक्त डावी बाजू बघितली. पाय बधिर झाले होते, वारा समोरचा. नवरा शाळामास्तर. आधी त्यानं पावकी-निमकी मोठ्यानं म्हटली, मग शीळ घातली, मग तेही सरलं.

"बोल की काईतरी," तो म्हणाला. "गप बसून वाट सरंना झालीय."

"काय बोलू?"

"काईबी. तुझ्या घरचं सांग."

तोवर आम्ही एकमेकांशी धड बोललोही नव्हतो. मी अक्काच्या सासरचं सांगितलं, आमची शेळी शाळेत शिरली होती ते सांगितलं. तो हसला. पायडल हलकं झाल्यासारखं वाटलं. आयुष्यात मला सगळ्यांनी 'गप बस' म्हटलं होतं, 'बोल' असं कोणी म्हटलं नव्हतं. त्या सुखात मी वाहवत गेले. आईला अधूनमधून फेफरं येतं, आम्ही दार लावून घेतो, तिच्या उशाशी बसून राहतो, बाहेर कोणाला कळू देत नाही, हेही सांगून टाकलं.

त्यानं एक खड्डा चुकवला. मग म्हणाला, "आसू दे. दुखणं माणसालाच येतंय."

त्या एका वाक्यावर मी त्याला माझा मानला.

आठवडा गेला असेल. मी भाकरी थापायला बसले, तर सासूनं परात ओढून घेतली. "तुझ्या आईला फेफरं हाय म्हनं. तू चुलीपुढं बसू नको. जळून मेलीस तर नाव आमचं निघंल."

संध्याकाळी मी नवऱ्याला विचारलं, "अवो, तुमी सांगितलाव?"

"व्हय. कामून? मी आईपासून काई लपवत न्हाई."

"मी तुमालाच म्हणून सांगितले होते."

"वाटंत येळ जावा म्हणून बोलायलतीस. मला काय ठावं, ते झाकून ठेवायचं होतं?"

त्याला खरंच कळत नव्हतं. तेच जास्त लागलं.

पुढं दोन वर्षं त्याच सायकलवरून आम्ही जात-येत राहिलो. ती सरळ वाट आली की तो म्हणायचा, "बोल की." मी ज्वारी बघायची. साखळीचा आवाज ऐकायची, तो ऐकता ऐकता डोळ्यावर झापड यायची, पडू नये म्हणून सीट घट्ट धरायची. वाट लांबच लांब व्हायची. होऊ दे, म्हणायची मनात.

मुलगा झाला तेव्हा बाळंतपण सासूनं सासरीच केलं. आई कुंची शिवून घेऊन आली. सासूनं कुंची घेतली, चहा दिला, पण बाळ आईच्या मांडीवर दिलं नाही. "झोपलाय," म्हणाली. तो टक्क जागा होता. नवरा तिथंच उंबऱ्यापाशी उभा होता. आईनं हात पुढं केले होते, ते हळूच पदराखाली घेतले. दुपारच्या बसनं ती गेली.

पुढं आई वारल्यावर तिच्या दिवसाला नवरा आला, अप्पांजवळ बसला, तिच्याबद्दल चांगलं बोलला. माहेरच्या बायका मला म्हणाल्या, "नशीब काढलीस बाई. आईचं फेफरं कळूनबी पोरीला नांदवायलाय. लई मोठ्या मनाचा माणूस."

मी व्हय म्हणाले, आणि पाणी प्यायला आत गेले.